दोन आखूड, एक लांब

भातेकाकूंच्या माहेरी किंवा सासरी सात पिढ्यांत कुणाचं आडनाव भाते नव्हतं. पण काका फुगे फुगवायला बसले की लोहाराचा भाता चालावा तसे चालत, म्हणून बाजाराने त्यांना भाता म्हणायला सुरुवात केली, आणि नवरा भाता झाल्यावर बायको ओघानेच भातेकाकू झाली. फुगे फुगवण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हात कसला, तोंड म्हणायला हवं. दुकानात हातपंप होता, हीलियमचं उंच सिलिंडर होतं. पण जे फुगे उडायचे नसत, नुसते कमानीला किंवा खांबाला बांधायचे असत, ते काका स्वतःच्या छातीतून भरत. पंपाकडे ते अशा नजरेने बघत, जसा काही घरात आळशी जावई येऊन राहिलाय.

पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पडदा. पडद्यामागे काकू रिबिनी कापत बसत. काकांना काही हवं असलं, चहा म्हणा, कात्री म्हणा, की ते हाक मारत नसत. हातातल्या फुग्याचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी ताणून ते हवा सोडत. दोन आखूड, एक लांब. ची, ची, चीईई. गिऱ्हाईक दचकायचं आणि आतून काकू म्हणायच्या, "आले, आले."

लग्नानंतर पहिली काही वर्षं काकूंना याची लाज वाटायची. मग राग यायला लागला. "जगातले नवरे बायकोला अगं म्हणतात, मला रबर बोलावतं," असं त्या चारचौघींत सांगायच्या. पण एकदा काका आठवडाभर परगावी गेले तेव्हा घर इतकं गप्प झालं की काकूंनी स्वतःच एक फुगा घेऊन ती हाक वाजवून बघितली. जमली नाही. नुसती फुस्स झाली. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

हवा विकणारा माणूस म्हटल्यावर लोक टोमणे मारणारच. "काका, तुमचं बरं आहे. आत काहीच नाही आणि धंदा जोरात," असं कुणी म्हणालं की काका हातातलं काम टाकून आतून बादली आणि काचेचा पेला आणत. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा दाबून बसवत, पेला पालथा करून सरळ बादलीत बुडवत आणि बाहेर काढून बोळा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत. कोरडा ठणठणीत.

"का भिजला नाही?" काका विचारत. "आत कुणीतरी बसलंय म्हणून. बाकावर माणूस बसलेला दिसला तर तुम्ही त्याच्या मांडीवर बसता का? पाण्यालाही तेवढी रीत कळते. हवा उठेल तेव्हाच ते आत जाईल."

"बरं, हवेचं मान्य," एखादा चिवट निघायचा. "पण हीलियम? ते तर वर जातं. त्याला वजनच नाही."

"नाही कसं? पाण्यात लाकूड वर येतं, म्हणून काय लाकडाला वजन नाही? पाणी जड, ते त्याला वर ढकलतं. तसंच हे. भोवतालची हवा जड, हीलियम हलकं. हलकं म्हणजे काहीच नाही असं नव्हे."

ही शेवटची दोन वाक्यं घरात सुनेला चिडवायला वापरली जात. त्यालाही कारण होतं. नवी नवरी असताना तिने सिलिंडर बदलायला आलेल्या माणसाला भरलेलं सिलिंडर उचलून दिलं होतं आणि रिकामं ठेवून घेतलं होतं. दोन्ही हलवून बघितली, एक जरासं जड लागलं. हलका वायू भरला म्हणजे सिलिंडर हलकं होणार, असा तिचा सरळ हिशेब. त्या दिवशी एका लग्नाला सगळे फुगे जमिनीवरच लोळले. काका रागावले नाहीत. सुनेला समोर बसवून म्हणाले, "पोरी, वायू आत आला की तो आपलं वजन घेऊनच येतो. पाहुणा आला आणि घर हलकं झालं, असं कुठे बघितलंयस का?" सून हसता हसता रडली होती. तेव्हापासून ती सासऱ्यांना बाप मानायची.

मग काकांचा घसा बसला. बसला तो उठेचना. काढे झाले, गुळण्या झाल्या, घशाच्या गोळ्यांचा डबा संपला. शेवटी मोठ्या दवाखान्यात नळी घालून बघितलं तेव्हा स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर समजूतदार होते, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ पसरलेली नाही, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे श्वास मानेतल्या भोकातून घ्यायचा आणि तिथूनच सोडायचा. नाकातोंडाचा छातीशी संबंध संपला. बोलणं जाईल, पण त्यावर पुढे काही उपाय करता येतात, ते नंतर बघू.

काकू किती दिवस लागतील, किती खर्च येईल, ते विचारत राहिल्या. काकांनी मात्र एकच प्रश्न विचारला.

"फुगा?"

डॉक्टरांना वाटलं थट्टा चाललीये. ते हसायला गेले आणि काकांचा चेहरा बघून थांबले. "नाही," ते म्हणाले. "छातीतली हवा आता तोंडापर्यंत येणार नाही."

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. टेबलावर फिकट निळ्या फुग्यांचं पाकीट उघडं होतं. येत्या आठवड्यात एका वर्षाच्या बाळाचा वाढदिवस होता, त्याच्या ऑर्डरीचं. त्यातला एक फुगा काकांनी घेतला, नेहमीसारखा आधी ताणून सैल केला आणि ओठांना लावला. एरवी ते तीन फुंकरीत फुगा भरत. त्या दिवशी बराच वेळ लागला. काकू पडद्याला धरून उभ्या होत्या. मधे खोकला आला, काका थांबले, फुग्याचं तोंड बोटांत घट्ट धरून ठेवलं, वाया काही जाऊ दिलं नाही. मग पुन्हा फुंकलं. शेवटी त्यांनी आपली ती उलट्या वळणाची गाठ मारली. ती गाठ बाजारात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. कितीही ओढा, सुटायची नाही, आणि काकांनी नखाने टोक उचललं की पटकन मोकळी व्हायची.

"हा विकायचा नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मग काय करायचं याचं?"

"मी उठून बसायला लागलो की घेऊन ये. मग सांगतो." आणि स्वतःच्या बोलण्याचं त्यांना हसू आलं. "म्हणजे, दाखवतो."

"तोवर टिकेल?"

"हीलियम असतं तर रात्रीत पळालं असतं. त्याला रबरातून वाटा सापडतात. माझी हवा बसते निवांत. ती काही मला सोडून लांब जात नाही."

कुणाचा पाय लागू नये म्हणून स्टुलावर चढून काकांनी तो फुगा कपाटाच्या वर, कपाट आणि छत यांच्यामधल्या फटीत हळूच बसवला. काकूंनी हे कुणाला सांगितलं नाही. सून हसली नसती, पण मुलाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. म्हातारपणी नवऱ्याचा श्वास कपाटावर ठेवलाय, हे त्याने गावभर केलं असतं. आणि खरं सांगायचं तर काही गोष्टी बोलून दाखवल्या की उष्ट्या होतात, असं काकूंना वाटायचं.

ऑपरेशन नीट झालं. काकू दिवसभर काकांच्या उशाशी बसत, घरी फक्त अंघोळीला जात. दुकान मुलाने आणि सुनेने सांभाळलं. काकांच्या मानेत आता एक नळी होती आणि श्वास तिथून येताजाताना बारीक शीळ घाले. ओठ हलत, आवाज येत नसे. काकू त्या ओठांकडे बघत आणि आपल्याला सगळं कळतंय असं दाखवत. निम्मं कळत नसे. काकांनाही ते कळत असे. दोघं एकमेकांचं मन राखत होते. कधी कधी काका मधेच डोळे मिटून भिंतीकडे तोंड करत, तेव्हा काकू उगाच उशी सारखी करत बसायच्या. माणूस वाचला होता, पण तो आपल्यापासून दूर सरकतोय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

म्हणून त्या सकाळी नर्सने काकांना उशांना टेकवून बसवलं आणि काकांनी आपणहून काकूंच्या मनगटाला हात लावला, तेव्हा काकू हरखल्या. काकांनी गाल फुगवले. दोन्ही हातांनी हवेत एक गोल काढला आणि भुवया वर केल्या.

"आहे, आहे. जपून ठेवलाय," काकू म्हणाल्या. "आत्ता जाते, घेऊन येते."

काका हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

घरी येऊन काकूंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि बघितलं. कपाटावर धूळ होती. धुळीत एक गोल, पुसल्यासारखा. फुगा नव्हता.

त्यांनी कपाटामागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, नको तिथेही बघितलं. मग सुनेला फोन लावला. सून वाढदिवसाच्या हॉलवर होती.

"कपाटावरचा? हो, तो मी घेतला ना आई," सून म्हणाली. "पहाटे फुगे भरताना चारपाच हातातून सुटून छताला गेले होते. ते काढायला स्टुलावर चढले, तर कपाटावर आणखी एक अडकलेला. त्याला रिबीनच नव्हती. म्हटलं मीच विसरले. घाईत बांधली आणि तसाच कोंबला पिशवीत. का हो?"

छताजवळ दिसला म्हणजे उडालेलाच असणार, हा पुन्हा सुनेचा सरळ हिशेब.

"त्यात हीलियम नाही," काकू म्हणाल्या. "तो बाबांनी भरलेला आहे. जायच्या आदल्या दिवशी. तोंडाने."



"आई, मला माहीतच नव्हतं," सून म्हणाली.

"पिशवी उघडलीस का?"

"नाही अजून. पण पोरं यायला लागलीयेत. दोघांनी आत्ताच एक फोडलासुद्धा."

"पिशवीला हात लावू देऊ नकोस कुणाला. मी आले."

हॉल तीन गल्ल्या पलीकडे होता. काकू या वयात धावल्या. पदर सुटला, एका चपलेचा अंगठा तुटला, ती त्यांनी हातात घेतली. वाटेत कुणीतरी "काका कसे आहेत?" म्हणून विचारलं, त्याला उत्तरही दिलं नाही. फोडलेला फुगा कुठला असेल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

हॉलच्या दारातच सून उभी होती. रडून तिचे डोळे लाल झाले होते. तिने आधीच सांगून टाकलं, "फुटलेला तो नव्हता. तो कमानीतला होता, गुलाबी." मग तिने मधोमध ठेवलेली मोठी पारदर्शक पिशवी दाखवली. पिशवी माणसाएवढी उंच, आत फिकट निळे फुगे दाटीवाटीने कोंबलेले, सगळे एकाच पाकिटातले, सगळ्यांना सारख्याच पांढऱ्या रिबिनी. खुर्चीला बांधलं नसतं तर पिशवी छताला गेली असती.

"एकेक काढून गाठ बघू," सून म्हणाली. "बाबांची गाठ मी ओळखते."

पण पिशवीभोवती पोरं जमली होती आणि प्रत्येकाचा हात आत शिरायला बघत होता. बाळाची आई घड्याळाकडे बघत होती. एकेक फुगा काढायचा, गाठ तपासायची, तोवर या पोरांना कोण आवरणार? काकू पिशवीसमोर उभ्या राहिल्या. इतके फुगे आणि त्यातला एक आपला. गर्दीत माणूस हरवावा तशी गत झाली होती. हाक मारावी तर ओ द्यायला तो काही बोलणार नव्हता.

आणि काकूंना काकांचे शब्द आठवले. आठवले म्हणजे काय, इतकी वर्षं पडद्यामागून तेच तेच ऐकून पाठ झाले होते. हलकं म्हणजे काहीच नाही असं नव्हे.

"पंखे बंद कर," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि पिशवीचं तोंड उघड. सोड सगळे."

"सगळे?"

"सगळे. जे हीलियम आहे ते वर जाईल. हे जातील कुठे? यांना आपलं वजन आहे."

बाळाच्या आईला काय चाललंय ते कळलं नाही, पण काकूंच्या हातातली तुटकी चप्पल बघून तिने वाद घातला नाही. तिने पोरांना भिंतीशी उभं केलं. पंख्यांची घरघर थांबली. सुनेने पिशवीची दोरी सोडली, तोंड रुंद केलं आणि फुगे निघाले. आधी दोनतीन, मग एकदम सगळे, एकमेकांवर घासत, चुरचुर आवाज करत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बघता बघता छत निळं झालं आणि रिबिनी खाली लोंबायला लागल्या.

काकू जमिनीकडे बघत होत्या. जमीन मोकळी होती.

पिशवी रिकामी, जमीन रिकामी. सुनेने पिशवी उलटी करून झटकली. काकूंनी मान वर केली. छताला दिवे होते, तापलेले. एखाद्या दिव्याला टेकून फुटला तर? वाटेत कुठे फुटला असेल तर? दुपारी दवाखान्यात जाऊन त्या हसऱ्या चेहऱ्याला काय सांगायचं? त्या छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मनात म्हणाल्या, या ना हो आता. फार झाली थट्टा.

छताशी दोन फुग्यांच्या मधे एक फुगा चिकटला होता. घासून घासून फुगे तसे चिकटतात, आणि त्याची रिबीनही शेजारच्या रिबिनीत अडकली होती. ती हळूहळू निसटली. फुगा जरासा डुलला, बाजूला झाला आणि खाली यायला लागला. घाई नाही, गडबड नाही. दुपारी जेवायला काका दुकानातून घरात येत, अगदी तसा. सगळा हॉल त्याच्याकडे बघत राहिला. काकूंनी चप्पल टाकली आणि दोन्ही हात पुढे केले. फुगा त्यांच्या ओंजळीत येऊन बसला. गाठ उलट्या वळणाची होती.

"एवढा एकच कसा खाली आला?" बाळाच्या आईने विचारलं.

"त्यात आमचे हे आहेत," काकू म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या. सूनही रडली. बाळाच्या आईला पुरतं कळलं नसेल, पण तिने छताचा एक फुगा रिबिनीने ओढून काकूंच्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, "हा पण न्या. यांना सोबत."

दवाखान्यात दोन फुगे घेऊन शिरताना काकूंना नर्सची बोलणी खावी लागली. काका उशांना टेकून वाट बघत होते. काकूंनी निळा फुगा त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि तुटक्या चपलेसकट सगळी हकिकत सांगितली. सुनेचा सरळ हिशेब ऐकून काकांचे खांदे हलले. आवाज नव्हता, पण ते हसणंच होतं. "तुम्ही एकटेच खाली आलात," असं काकू म्हणाल्या तेव्हा मात्र त्यांनी डोळे पुसले.

मग त्यांनी गाठीचं टोक नखाने उचललं.

"अहो, नको," काकू म्हणाल्या. "सोडू नका. गेलं की गेलं ते. मी घरी ठेवते, कपाटात, कुलूप लावून."

काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी फुग्याचं तोंड दोन्ही अंगठ्यांत धरलं आणि ताणलं. ची. ची. चीईई.

"आले," काकू म्हणाल्या. काकांना लागूनच बसल्या होत्या त्या, येणार कुठून? पण तोंडातून निघून गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की काकांनी त्यांना बोलावलंय. स्वतःच्या छातीतल्या हवेने, स्वतःच्या हाकेने. त्यांनी काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

फुग्यात अजून निम्मी हवा होती. काकांनी तोंड चिमटीत धरून ठेवलं होतं. त्यांनी ते काकूंच्या गालाजवळ नेलं आणि अगदी हळू सैल सोडलं. बारीक वारा काकूंच्या गालावरून कानापर्यंत गेला, रबराच्या वासाचा. फुगा संपत गेला आणि शेवटी काकांच्या बोटांत लोळागोळा होऊन पडला. काकू त्याच्याकडे बघत होत्या. काकांनी त्यांची हनुवटी धरून नजर वर उचलली आणि बोटाने सगळ्या खोलीभर एक मोठा गोल काढला. मग काकूंच्या नाकाकडे बोट केलं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा काकूंना सगळंच्या सगळं कळलं. गेलं नाही, इथेच आहे. त्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"उद्या येताना पाकीट आणते. आणि हातपंप," नाक पुसून त्या म्हणाल्या. "नाक मुरडायचं नाही."

काकांनी नाक मुरडलंच.

भेटायची वेळ संपली. नर्स दारात येऊन उभी राहिली. काकूंनी मनगटाचा हीलियमचा फुगा सोडून काकांच्या पलंगाला बांधला, पांघरूण सारखं केलं आणि त्या निघाल्या. लिफ्ट यायला वेळ लागला. पलंगाला बांधलेल्या फुग्याची सुनेने मारलेली गाठ सोडवायलाही वेळ लागतच असणार. लिफ्टचं दार उघडलं आणि तेवढ्यात मागून, लांबलचक व्हरांड्याच्या टोकापासून आवाज आला. जरा घाईघाईचा, पण दोन आखूड, एक लांब.

काकू वळल्या.

"आजी, वेळ संपलीये," नर्स म्हणाली. "आता उद्या या."

"हो गं, पण मला बोलावलंय ना," काकू म्हणाल्या, आणि "आले, आले" म्हणत परत गेल्या.